जन्मजात थायरॉईड : गोळीची जबाबदारी मुलांकडे कधी सोपवावी?

अबोली_के

नमस्कार मंडळी,

माझ्या लेकीला जन्मतःच हायपोथायरॉईडिझम आहे, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन शरीरात कमी पडतं. तिसऱ्या दिवशी टाचेला टोचून घेतलेल्या रक्तात टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईड मंद असला की ते वाढतं) भरमसाट वाढलेलं आलं. मानेत जिथे थायरॉईड ग्रंथी असायला हवी तिथे काहीच नव्हतं. स्कॅनमध्ये जिभेच्या मुळाशी तिचा एक लहानसा ठिपका दिसला. दुसऱ्याच आठवड्यात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, गोळीतून सुरू झालं. आता ती अकरा वर्षांची आहे. उंची, अभ्यास, पोहणं, भांडणं, सगळं वयाला साजेसं.

आजवर गोळी मीच देत आले. सकाळी हाक मारली की ती डोळे न उघडता हात पुढे करते, मी तळहातावर गोळी ठेवते, पाणी देते, ती गिळते आणि परत पांघरुणात शिरते.

गेल्या तपासणीला डॉक्टरांनी माझ्याऐवजी तिलाच विचारलं, "तू कोणतं औषध घेतेस? किती मायक्रोग्रॅम? कशासाठी?" तिला एवढंच सांगता आलं की गोळी छोटीशी आणि गोल असते. डॉक्टर म्हणाल्या, आता हळूहळू हे तिच्या हाती जायला हवं. मला पटलंय, पण धीर होत नाही. एखादा दिवस चुकला तर काय, या विचारानेच पोटात गोळा येतो.

ज्यांची मुलं मोठी झालीत, किंवा जे स्वतः जन्मापासून ही गोळी घेताहेत, त्यांनी कृपया सांगा : कधी आणि कसं सोपवलंत? आणि मुलांना नेमकं किती सांगितलंत?

---

नीलमोहर

अगदी योग्य वेळी धागा आलाय. आमचं बाळ दीड महिन्याचं आहे, निदान नुकतंच झालंय. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण तुमची लेक पोहते हे वाचून फार बरं वाटलं.

---

चंदू_चौकस

थोडं वेगळं मत मांडतो. आजकाल घरटी एकाला तरी थायरॉईड असतो. माझ्या पत्नीला पस्तिशीत निघाला, ती स्वतःच गोळी घेते, कुणी आठवण करावी लागत नाही. मुलीला एकदा समजावून सांगा आणि सोडा. शिवाय आहार आणि व्यायाम नीट ठेवला तर कालांतराने गोळी सुटूही शकते असं ऐकलंय. तोही प्रयत्न करून बघा.

---

मृण्मयी_२

चंदूदादा, शेवटची दोन वाक्यं कृपया संपादित करा. इथे नुकतंच निदान झालेल्या बाळाचे आईबाबा वाचताहेत.

---

डॉ_पारिजात

मी बालरोगतज्ज्ञ आहे. चंदूजींचा हेतू चांगला आहे, पण दोन वेगळ्या आजारांची इथे सरमिसळ होतेय.

मोठेपणी होणाऱ्या हायपोथायरॉईडिझममध्ये बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या धडधाकट ग्रंथीवर उलटते. जन्मजात प्रकारात तसं नसतं. साधारण ८० ते ८५ टक्के बाळांमध्ये ग्रंथी मुळात तयारच झालेली नसते, अपुरी असते किंवा चुकीच्या जागी असते. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी उगवते आणि तिथून मानेत खाली उतरते. अबोलीताईंच्या लेकीची तिथून खाली उतरलीच नाही. उरलेल्या बाळांत ग्रंथी जागेवर असते, पण हार्मोन बनवण्याची एखादी पायरी अडलेली असते. जगभरात दर २००० ते ४००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो.

जी ग्रंथी नाहीच, ती आहाराने किंवा व्यायामाने कशी उगवेल? ही गोळी म्हणजे शरीराने जे बनवायचं होतं तेच, बाहेरून दिलेलं. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ या हार्मोनवर अवलंबून असते, म्हणून तेव्हा तर गोळी कोणीही, कुणाच्याही सांगण्यावरून, आपल्या मनाने बंद करायची नाही.

---

चंदू_चौकस

धन्यवाद डॉक्टर, हा फरक माहीत नव्हता. ती वाक्यं मागे घेतो. एक शंका : मग आयोडीनयुक्त मिठाचा काही उपयोग?

---

डॉ_पारिजात

आईच्या आहारात आयोडीन फारच कमी असेल तर त्यामुळेही बाळाचा थायरॉईड मंद पडू शकतो आणि तो प्रकार टाळण्यासाठी आयोडीनयुक्त मीठ मोलाचं आहे. पण आयोडीन हा कच्चा माल झाला. ग्रंथीच नसेल तर तो वापरणार कोण? घरात सगळे जे मीठ खातात तेच या मुलांनीही खावं, त्याहून वेगळं काही नको.

---

सोहम_आर

अबोलीताई, मी स्वतः जन्मापासून घेतोय, आता तिशी ओलांडली. माझी ग्रंथी पूर्णच गैरहजर आहे.

बाबांनी एका दिवसात सोपवलं नाही. आधी सात कप्प्यांची डबी आणली आणि दर रविवारी संध्याकाळी मी त्यांच्यासमोर ती भरायची, असं ठरलं. गोळी सकाळी तेच द्यायचे, माझं काम फक्त भरण्याचं. मग काही महिन्यांनी सकाळी मी उठून स्वतः घ्यायला लागलो आणि ते रविवारी रिकामी डबी बघायचे. पुढे तेही थांबलं. संपत आली की सांगायचं, हे मात्र माझ्यावर होतं. शेवटच्या दहा गोळ्या उरल्या की बोलायचं.

डबीचा फायदा असा की "घेतलीस का?" हे कुणाला विचारावंच लागत नाही, कप्पा उघडून बघितला की कळतं. माझ्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी ते विचारणंच फार जाचायचं.

आणि डोस तोंडपाठ हवा, आपल्या फोन नंबरसारखा. डॉक्टर बदलला, गाव बदललं, तर उपयोगी तेच पडतं.

---

रानपाखरू

आमच्याकडे गोळीच्या गजराने घरातले सगळे उठतात, शेजारचेही उठत असावेत. ज्याच्यासाठी लावलाय तो सोडून. :)

---

मृण्मयी_२

रानपाखरू, हाहा, घरोघरी तेच!

सोहम, डबीबद्दल पूर्ण सहमत. पण डबी ही अर्धीच गोष्ट आहे असं मला वाटतं. माझ्या धाकट्या भावाचं सांगते (त्याला विचारून लिहितेय, त्याला हे इथे यायला हवंच आहे).

त्याला लहानपणापासून "ही ताकदीची गोळी" एवढंच सांगितलं होतं. नववीत असताना त्याने ठरवलं की आपण तर ठणठणीत आहोत, मग बघू काय होतं ते. गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायचं, आई वळली की गोळी कंपासपेटीत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहीच झालं नाही. उलट त्याची खात्रीच पटली की गोळीची गरज नव्हती. नंतर हळूहळू तो मंदावला. फुटबॉल सोडला, दुपारी येऊन झोपायचा, भर उन्हात स्वेटर घालायचा, पोट साफ होत नाही म्हणायचा. आम्हाला वाटलं अभ्यासाचा ताण. मग पेन्सिल शोधताना कंपासपेटी उघडली मी. खालच्या पत्र्याच्या कप्प्यात अर्धवट विरघळून सुकलेल्या गोळ्यांचा थर.

डॉक्टर अजिबात रागावले नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, "तुला नेमकं काय बघायचं होतं?" आणि समजावलं की शरीरातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच सुमारे सात दिवस लागतात. टाकी सावकाश रिकामी होते, म्हणून नळ बंद झालेला आधी कळतच नाही. हे त्याला आधी कुणीतरी सांगितलं असतं, तर बंद करून बघायची वेळच आली नसती. तेव्हा अबोली, माझं उत्तर : सोपवण्याच्या आधी सगळं सांग. सगळं म्हणजे सगळं.

---

सोहम_आर

मृण्मयी, भावाला सलाम. पण "सगळं" या शब्दावर थोडं अडतो.

आठ-नऊ वर्षांचा असताना मी घरातल्या एका जुन्या वैद्यकीय पुस्तकात माझ्या आजाराचं पान काढलं. त्यात उपचार न मिळालेल्या मुलांचे फोटो होते आणि खाली आताच्या काळात कुणी वापरणार नाही असे शब्द. कित्येक रात्री मला झोप लागली नाही. मला वाटायचं, हे माझ्यात आहे आणि कधीतरी बाहेर येणार. आईला कळलं तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की ते ज्यांना औषध मिळालंच नाही त्यांचं आहे, तुला पहिल्या महिन्यातच मिळालं.

म्हणून सांगा, जरूर सांगा. फक्त मुलाने जेवढं विचारलंय तेवढ्याचं पूर्ण आणि खरं उत्तर द्या. पुढचा प्रश्न त्याला सुचला की त्याचं. आणि आपणच आधी सांगा, म्हणजे ते नेटवर शोधत बसणार नाहीत.

---

मृण्मयी_२

हे मान्य. माझा भर गोळी काय करते हे सांगण्यावर होता, घाबरवण्यावर नाही.

---

इतिहासवेडा

अवांतर होईल, पण सोहमनी जुन्या पुस्तकाचा उल्लेख केलाय म्हणून लिहितो.

१८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या रुग्ण बाईंना टोचला. त्यांचा थायरॉईड जवळपास बंद पडला होता. त्या बाई सुधारल्या आणि पुढे १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी २८ वर्षं जगल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं.

औषध असूनही बाळांना मात्र ते उशिरा मिळायचं, कारण लक्षणं दिसेपर्यंत कुणाला शंकाच यायची नाही. तोवर मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या क्यूबेकमध्ये जाँ द्युसो यांनी कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबातून थायरॉईड तपासायची पद्धत बसवली. तिथून नवजात बाळांची सरसकट तपासणी सुरू झाली. या धाग्यावरचे सोहम, नीलमोहर यांचं बाळ, अबोलीताईंची लेक या सगळ्यांच्या मागे तो टिपकागदावरचा थेंब आहे. मला हा वैद्यकशास्त्रातला सर्वात देखणा शोध वाटतो.

---

नीलमोहर

इतिहासवेडा, फार छान माहिती. आमच्या बाबतीत तर बाळ अगदी गुटगुटीत आणि हसरं होतं. फोन आला तेव्हा आम्हाला वाटलं नमुने बदलले असतील. फक्त कावीळ जरा लांबली होती आणि झोपाळू होतं, त्याला सगळे "गुणी बाळ" म्हणायचे.

गोळी देण्याबद्दल कुणी सांगेल का? अर्धी बाहेर येते असं वाटतं. मी दुधाच्या बाटलीत टाकून देऊ का?

---

गौरी_आनंद

नीलमोहर, बाटलीत अजिबात नको. बाळाने दूध अर्धं टाकलं तर औषध किती गेलं हे कळणारच नाही.

आम्ही असं करायचो : कोरडा स्टीलचा चमचा, त्यात गोळी, वरून दुसऱ्या चमच्याच्या पाठीने दाबायची. एकदम दाबली तर तुकडा उडतो, म्हणून आधी हलकेच, मग गोल फिरवत. पीठ झालं की आईच्या दुधाचे किंवा पाण्याचे चार-पाच थेंब. नीट कालवून लगेच, ठेवून द्यायचं नाही. ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, जिभेवर सोडलं तर थुंकतात. मग चमच्यात पांढरी साय राहिलेली दिसेल. तिथे आणखी दोन-तीन थेंब घालून तेही द्यायचं. त्या पांढऱ्या थरात बरंच औषध असतं.

भूक लागायच्या आधी द्या, रडत असताना देऊ नका. महिनाभरात हात बसतो.

---

डॉ_पारिजात

गौरीताईंनी लिहिलंय त्यात भर : सोयाचं दूध, लोहाचे थेंब आणि कॅल्शियम यांच्यासोबत ही गोळी नको, शोषण कमी होतं. लोह आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतराने.

बाळ जन्मतः ठीक दिसतं कारण आईचं थोडं थायरॉक्सिन वारेतून त्याला मिळत असतं. तो साठा हळूहळू संपतो. म्हणून बाळाकडे बघून ठरवायचं नाही, चाचणीवर ठरवायचं. सुरुवातीचा डोस वजनाच्या मानाने मोठा असतो, किलोमागे दिवसाला १० ते १५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला किलोमागे साधारण १.६ पुरतात. त्यामुळे "एवढ्याशा जिवाला एवढा डोस" म्हणून घाबरू नका. पण डोस जास्त होणंही चांगलं नाही, म्हणून पहिल्या वर्षात चाचण्या वारंवार लागतात. त्या टाळू नका.

---

मेघदूत_

आमच्या मुलाचा थायरॉईड जागेवर होता, म्हणून तीन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे गोळी थांबवून तपासणी केली. आमच्या ओळखीत एका मुलीचा आजार तात्पुरता निघाला, गोळी कायमची सुटली. आमच्याकडे टीएसएच चढलं, पुन्हा सुरू केली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण संशय मिटला. आता कुणी "थांबवून बघा" म्हटलं की उत्तर तयार आहे : बघितलंय, नीट पद्धतीने.

---

शर्वरी_स

उशिरा येतेय. मलाही जन्मापासून आहे आणि आता मला दोन वर्षांचा मुलगा आहे.

अबोलीताई, तुम्हाला लेक आहे म्हणून हे मुद्दाम लिहिते. दिवस राहिले की थायरॉक्सिनची गरज वाढते, बहुतेक जणींना २५ ते ३० टक्के तरी. आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्याला सगळं आईकडूनच मिळतं. म्हणजे चाचणी सकारात्मक आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन. हे मला माहीत होतं म्हणून मी थांबले नाही. माझी एक मैत्रीण आहे, तिलाही जन्मापासूनच आहे. तिची गोळी लग्नापर्यंत आईच आणून द्यायची आणि तिला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. एका नामांकित रुग्णालयात पहिल्या भेटीत तिला थायरॉईडबद्दल विचारलंही नाही. पुढच्या भेटीला कुणाच्या तरी लक्षात आलं. सुदैवाने सगळं निभावलं.

तेव्हा मुलीला आज गोळी घ्यायला शिकवणं म्हणजे एवढी मोठी गोष्ट तिच्या हाती देणं आहे. अकरा हे वय मला लवकर वाटत नाही.

(माझ्या मुलाची नवजात तपासणी व्यवस्थित आली. ग्रंथी न बनण्याचा प्रकार सहसा घराण्यात चालत नाही. हार्मोन बनवण्याच्या पायरीतला दोष मात्र आनुवंशिक असू शकतो, त्यांनी पुढच्या बाळाआधी जरूर विचारून घ्यावं.)

---

रानपाखरू

शर्वरी, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा. वाचनखूण साठवली.

शाळेत सांगावं का, यावर कुणी लिहील का? आम्ही सांगितलं तर बाई त्याला खेळाच्या तासाला बसवूनच ठेवायला लागल्या.

---

सोहम_आर

माझ्या घरी शाळेत सांगितलं नव्हतं. गोळी घरीच व्हायची, शाळेचा काही संबंध नव्हता.

---

गौरी_आनंद

मी उलट सांगेन. सहलीला, शिबिराला मुक्कामी जाताना एका तरी मोठ्या माणसाला माहीत हवं. पण सोबत डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी द्या : गोळी रोज, खेळायला कसलीही बंदी नाही. आमच्याकडे त्या दुसऱ्या वाक्याने फरक पडला.

---

अबोली_के

सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री लेकीला शेजारी बसवून बराच धागा वाचून दाखवला. कंपासपेटीचा किस्सा तिने दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "मला पण कधी कधी वाटतं बंद करून बघावं." अकरा वर्षांत पहिल्यांदा हे तिच्या तोंडून ऐकलं. मृण्मयी, तुझ्या भावाला माझ्याकडून सांग, त्याने लिहू दिलं याचा केवढा उपयोग झाला.

आमचं ठरलंय ते असं. रविवारी डबी ती भरेल, सोहमसारखी. सकाळी मी हाक मारेन, पण गोळी ती स्वतः उठून घेईल. डोस तिने आजच पाठ केला. पुढच्या तपासणीला पहिली पाच मिनिटं ती एकटी डॉक्टरांशी बोलेल, मग मी आत जाईन. चुकला दिवस तर काय करायचं हे मात्र नीट कळून घ्यायचंय. आणि तिने तिचा स्वतःचा एक प्रश्न दिलाय : पोहण्याच्या शर्यती पहाटे असतात, काही खाऊन निघावं लागतं, तेव्हा गोळी कधी घ्यायची?

---

डॉ_पारिजात

लेकीचा प्रश्न आवडला. तिच्यासाठीच लिहितो.

गोळी नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची. शर्यतीच्या दिवशी तेवढा वेळ मिळणार असेल तर उठल्याबरोबर घे आणि मग बाकीची तयारी कर. पहाटेचा सराव रोजचाच असेल, तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेण्याची वेळही चालते. पण एकदा रात्र, एकदा सकाळ असं नको. तुझ्या डॉक्टरांशी बोलून एक वेळ ठरव आणि तीच ठेव.

एखाद्या दिवशी राहिलीच तर घाबरायचं नाही. त्याच दिवशी आठवली की घे. दुसऱ्या दिवशी आठवली तर काय करायचं हे डॉक्टरांकडून आधीच विचारून डबीच्या झाकणावर लिहून ठेव. थायरॉक्सिन शरीरात बरेच दिवस टिकतं, एका दिवसाने काही बिघडत नाही. लपवू मात्र नकोस.

रक्ततपासणीच्या दिवशी नमुना देईपर्यंत गोळी थांबव, डबी सोबत ने आणि नंतर घे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या कुणी दिल्या तर ते आधी डॉक्टरांना सांग. त्यामुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात आणि तपासणीआधी त्या निदान दोन दिवस बंद ठेवाव्या लागतात.

---

अबोली_के

तिने हे स्वतः वाचलं. म्हणाली, रात्रीची वेळ नको, जेवणानंतर तीन तास जागी राहणार नाही. उठल्याबरोबरच घेणार. आत्ता झाकणावर चिकटवायला कागद कापतेय.

---

रानपाखरू

शर्यतीचा निकाल इथे कळवा हं!